लूणपाण्याची चूळ

१६ जानेवारी १९६१, सोमवार

 घनश्याम गुरुजी शाळेत जाताना अंगणात थांबले आणि म्हणाले, "कारभारी, गुरुवारी यवतमाळहून दातांचे डॉक्टर येऊन राह्यले. सगळ्या लेकरांचे दात पाहतील. नायकाले सांगून ठेवा." एवढं बोलून गेले. पाहतील म्हणजे काय? नुसतं पाहून गप्प बसणारा डॉक्टर मी अजून बघितला नाही. आर्णीच्या बाजारात एकाने दाढ दुखते म्हणून तोंड उघडलं, तर ती दाढ त्याच्या हातातच आली. पुढचा दात गेलेली पोरगी कोण करून घेईल? माझी नात जमनी तिसरीत आहे.

नायक उत्तमसिंगांना सांगितलं. ते म्हणाले, "तू पाह्य." तांड्यात नायक ठरवतो आणि निस्तरायचं कारभाऱ्याने. माझं सगळं आयुष्य निस्तरण्यात गेलं.

शाळेचंही भय वेगळंच आहे. नाल्याच्या काठावर एकच खोली, एका बाजूला आमचा तांडा, पलीकडे पूनमसिंग नायकाचा. दोन्हीकडची लेकरं तिथेच बसतात. डोहावर गुरं कोणी पाजायची यावरून आमची डोकी फुटत आली. माझ्या पोराचा, अमरसिंगचा, डावा हात तिथेच मोडला, तो अजून खांद्याच्या वर जात नाही. गेल्या दिवाळीत मिटलं. आमच्यात शब्द पक्का करायचा तर लोट्यातल्या पाण्यात लूण टाकतात, म्हणजे मीठ. दोन्ही नायक एकेक घोट गिळतात. मोडेल तो त्या मिठासारखा विरघळेल. शब्द मोडायचाच असला तर तेच पाणी तोंडात घ्यायचं आणि समोरच्याच्या देखत शिवेच्या दगडावर थुंकायचं. लोटा माझ्या घरचा होता. त्या दिवसापासून तो फळीवर पालथा आहे. अमरसिंगने लाठीला तेल लावणं सोडलं, ते त्या लोट्यामुळे.

१९ जानेवारी

डॉक्टर आले आणि गेले. कोणाचा दात गेला नाही.

तरुण माणूस, जाड चष्मा, लांब दांडीचा चिमुकला आरसा. मी त्यांच्या पेटीकडेच डोळे लावून बसलो होतो, चिमटा कधी निघतो म्हणून. ते म्हणाले, "बाबा, तुमचेही बघू का?"

मी म्हणालो, "पाहासारखं काई उरलं नाई साहेब." पोरं हसली.

पूनमसिंगचा नातू हरिसिंग तोंड उघडेना. गुरुजींनी समजावलं, डॉक्टरांनी गोळी दाखवली, पण तो ओठ आवळून उभा. तेव्हा आमची जमनी म्हणते, "आ कर नं बे! तुह्या तोंडातून काय बैल निघनार हाय?" त्याला हसू आलं, तेवढ्यात डॉक्टरांनी आरसा घातला.

मग त्यांनी आम्हा मोठ्यांना बसवलं. निम्म्याहून जास्त लेकरांच्या हिरड्यांतून रक्त येतं, काहींच्या दाढा किडायला लागल्या आहेत. म्हणाले, "उपटायची वेळ येऊ नये म्हणूनच मी शाळेत आलोय. दुखायला लागल्यावर सगळेच येतात." रड थांबवायला लेकराच्या तोंडात गुळाचा खडा देऊन निजवू नका, असंही म्हणाले. माझी बायको सुखीबाई ओढणीआडून बोलली, "मंग डाक्टरसायबाले सांगा, रातच्याले आमचं लेकरू तुमीच खेळवा."

त्यांच्याकडे दात घासायची पांढरी पूड होती. मी उठून उभा राहिलो.  म्हणालो, "पूड नाई चालनार. त्यात हाडाचा चुरा असते म्हनतात."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरं, पूड नको. निंबाची काडी आणि मिठाचं पाणी? शाळेतच, रोज डबा खाल्ल्यावर, सगळ्यांनी तीन चुळा भरायच्या."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. "मीठ चालते साहेब. आमच्या बापजाद्यांनी बैलाच्या पाठीवर मीठच वाह्यलं." दोन्ही तांड्यांचे लोक हो म्हणाले. मी पूड अडवली. हे एक तरी काम माझ्या हातून नीट झालं.

२३ जानेवारी

आज चुळा सुरू झाल्या. शाळेचं टिनाचं डबडं गंजकं आहे, म्हणून गुरुजींनी पितळेचं भांडं मागितलं. सुखीने फळीवरचा लोटा चिंच लावून घासला आणि जमनीजवळ दिला. मी तिला चारदा सांगितलं, लोटा आपटू नको, पोचा पडेल. तरी मन राहीना म्हणून मागोमाग गेलो. पूड तर आणली नाही ना, तेही बघायचं होतं.

पूड नव्हती. गुरुजींनी खोलीच्या मागे एक नाली खणली आहे. लेकरं नालीकडे तोंड करून ओळीने उभी. जमनी लोट्यात मीठ टाकून बोटाने ढवळते आणि एकेकाच्या ओंजळीत ओतते. गुरुजी म्हणतात, "भरा. खळखळवा. थुंका." मग, "दुसरी." दोन्ही तांड्यांची पोरं एका लोट्यातून घेऊन एका नालीत थुंकत होती. बघून बरं वाटलं. लोट्याला पोचा पडला नाही.

२ फेब्रुवारी

तूर निघते आहे, लिहायला वेळ नव्हता. जमनी आता दोन्ही बाजूंनी भाकर चावते. आधी डाव्या बाजूला घास गेला की तोंड वाकडं करायची. काडी चावली की रक्त यायचं, तेही थांबलं. पण मला वेगळीच चिंता आहे. मीठ लोखंड खातं, मग दात काय चीज? गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "कारभारी, तुमी एखादा दिवस बिनकाळजीचा काढत जा."

कसा काढू? चार आठवड्यांवर होळी आली. यंदा दोन्ही तांडे एका ठिकाणी लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गाणार असं दिवाळीतच ठरलं आहे. होळीत पोरं मोहाची पितात आणि लाठ्या हातातच असतात. तोवर नीट निभावलं म्हणजे झालं.

६ फेब्रुवारी, सोमवार

आज भलतंच घडलं. 

नाल्यात देवीलाल भेटला, पूनमसिंगच्या तांड्याचा कारभारी. मी रामराम केला. त्याने तोंड फिरवलं. मी म्हणालो, "काहून देवीलाल, ऐकू येत नाई काय?"

तो म्हणाला, "ऐकू येते अन् दिसते बी. शब्दाचा लोटा शाळेत पाठवला तुमी. त्यात लूण टाकून आमच्या लेकरांच्या तोंडानं थुंकवून घेऊन राह्यले. रोज! अन् वरून रामराम."

मी म्हणालो, "अरे ते दातासाठी हाय."

"दात आमाले बी हायेत कारभारी. चावासाठी."

मी तिथेच खडकावर बसलो. पूड, चिमटा, पोचा, सगळ्याची काळजी केली आणि लोटा माझ्या डोळ्यासमोरून गेला. देवीलाल जाताना सांगून गेला की पूनमसिंग नायकाच्या मते दिवाळीचा शब्द थुंकला गेला आहे. आता डोह पहिल्यासारखा. ज्याच्या लाठीत जोर, त्याचं पाणी.

अमरसिंगला सांगितलं नाही. सुखीला सांगितलं. ती म्हणाली, "लोटा मी दिला. मले काय ठावं? तुमी बाजूलेच उभे होते नं?"

७ फेब्रुवारी

गुरुजींना गाठलं. ते दिग्रसकडच्या कुणबी घरातले, त्यांना आधी हसूच आलं. मी अमरसिंगच्या हाताची आठवण करून दिली तेव्हा हसू मावळलं. म्हणाले, "लोटा परत न्या. उद्यापासून चुळा बंद."

तसा निरोप घेऊन नायकाकडे गेलो. उत्तमसिंग ताडकन उठले. "बंद? बंद केल्या तं आपन चुकलो असं होते. आपन मुद्दाम थुंकवलं असं होते! लोटा बी वापस आनायचा नाई. चोरानं माल लपवल्यावानी दिसन."

चालू ठेवलं तर रोज शब्द थुंकला जातो. बंद केलं तर थुंकल्याची कबुली. गुरुजींना निरोप दिला, तूर्त चुळा चालू राहू द्या, आणि दिवसभर तुरीच्या खळ्यावर बसून हाच विचार केला. संध्याकाळी एकदम सुचलं. थुंकणं हेच मोडणं असेल, तर थुंकायचंच कशाला? शब्द गिळला की पक्का होतो. जमनीला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, उद्यापासून चूळ थुंकायची नाई. गिळून टाकायची. आपल्या पोरांले बी सांग. गुरुजीले सांगू नको." तिने का म्हणून विचारलं. मी म्हणालो, नाहीतर तुझ्या बापाचा दुसरा हात मोडेल.

आज पहिल्यांदा जरा जीव थाऱ्यावर आहे.

९ फेब्रुवारी

देवा.

काल लेकरांनी गिळलं, काही झालं नाही. आज दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या. शाळेतून ओरडा आला म्हणून पळालो तर अंगणभर पोरं पोट धरून बसलेली. जमनी पांढरीफटक. सगळ्यात वाईट हरिसिंग. तो भिंतीला टेकून पडला होता, डोळे वर गेले होते. गुरुजी एकेकाला साधं पाणी पाजत होते आणि विचारत होते, "काय खाल्लं? कोनी दिलं?"

जमनीने माझ्याकडे बोट करून सांगून टाकलं, आजोबाला ती दादाच म्हणते. "दादानं सांगतलं गिळा."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या पोराच्या तोंडाला पाणी लावलं.

दोन्हीकडचे लोक धावत आले. पूनमसिंगने नातवाला खांद्यावर घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हातारा माणूस, माझ्याच वयाचा, पण ताठ. म्हणाले, "आधी थुंकवलं, आता पाजलं. आनखी काय करतं रामधन?"

घरी आल्यावर जमनीला विचारलं, पलीकडच्या पोरांना कोणी सांगितलं? तुला फक्त आपल्या पोरांचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्याच सांगतलं. आमी एकल्यानंच गिळून कसं होईन? हरिसिंग तं उरलेला आखा लोटा पेला. म्हने, पक्का होऊ दे."

सांगितलेलं तेवढंच करायची अक्कल या पोरीला नाही. तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून बसलो आहे.

११ फेब्रुवारी

हरिसिंग उठून बसला, पेज खातो असं कळलं. जमनीही बरी आहे. पण शाळेत पलीकडचं एकही लेकरू आलं नाही. गुरुजींनी चुळा थांबवल्या. आता नायकही काही म्हणाले नाहीत.

अमरसिंगने आढ्यावरची लाठी खाली काढली.

१५ फेब्रुवारी

डोहावर आमच्या गुरांना पलीकडच्यांनी हाकलून दिलं. दगड मारले, एका गाईचं शिंग उखडलं. अमरसिंग जेवायचं ताट सोडून उठला. मी दारात आडवा झालो. खरंच आडवा झालो, उंबऱ्यावर. तो म्हणाला, "बा, उठ. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

"किती दिवस असा पडशीन?"

"होळीपर्यंत."

तो लाठी टेकून खाली बसला. एका हाताने तिला तेल लावत राहिला. मोडक्या हाताने लाठी नुसती धरता येते, फिरवता येत नाही. हे त्याला ठाऊक आहे. तरी जाणार. पहिला तोच मरेल.

१८ फेब्रुवारी

गुरुजी आले होते. म्हणाले, महिनाअखेरीस डॉक्टर परत तपासायला येतील, लेकरं नसली तर काय दाखवू? शाळेत पटावर अर्धीच मुलं राहिली तर शाळाच दुसरीकडे नेतील अशी त्यांना भीती आहे. मी म्हणालो, गुरुजी, इथं मुडदे पडायची वेळ आली आणि तुम्ही पट काय मोजता! ते म्हणाले, "दोन तांड्यांची लेकरं एका जागी बसतात अशी ही एकच जागा आहे कारभारी. ती गेली तं मंग मुडदेच मोजा."

हे मला बोलता आलं असतं तर मी चांगला कारभारी झालो असतो.

२० फेब्रुवारी

नायकांच्या पाया पडलो आणि नसाब बोलवायला लावली, दोन्ही तांड्यांची मिळून. पंचायत म्हटलं की पूनमसिंगला नाही म्हणता येत नाही. रविवारी बसायचं ठरलं. जागा शाळेचं अंगण, कारण दुसरी कुठलीच जागा दोघांनाही चालेना. त्यानंतरच्या गुरुवारी होळी.

काय बोलायचं ते अजून सुचत नाही. 

२६ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहितो. नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

दोन्हीकडचे लोक समोरासमोर बसले. तरुण पोरं मागे उभी, लाठ्या घेऊन. अमरसिंग पुढच्या रांगेत. गुरुजी दारात. मध्ये मोकळी जागा, तिच्या एका टोकाला शिवेचा दगड, दुसऱ्या टोकाला खोलीमागची नाली.

पूनमसिंग उभे राहिले. "बोल दिला त्या लोट्यातलं लूणपानी आमच्या लेकरांनी थुंकलं. एक डाव नाई, रोज. बोल संपला. डोह आमचा. हे सांगाले आलो, भांडाले नाई. भांडन तुमी कराल."

उत्तमसिंग म्हणाले, "लेकरांच्या चुळेनं बोल मोडते? दाढी पिकली तुही, अक्कल कवा पिकन?"

मागची पोरं पुढे सरकली. कोणाची तरी लाठी जमिनीवर आपटली. मी कधी उठलो ते मला कळलं नाही. माझा आवाज चिरका निघाला.

"नायक, रीत सांगतो. मी कारभारी हाय, मले सांगा लागते. बोल ज्यानं गिळला त्यानंच थुंकला पायजे. लेकरांनी गिळला नोयता. तुमाले मोडायचा असन तं तुमी मोडा. तुमच्या तोंडानं. दगडावर. समद्यांसमोर."

बोलून गेलो आणि मग ध्यानात आलं. मीच त्यांना मोडायची वाट दाखवली होती! उत्तमसिंग माझ्याकडे असे बघत होते की तिथेच गाडतील. पूनमसिंग म्हणाले, "आन लोटा."

लोटा शाळेतच होता. गुरुजींनी भरून आणला. मीठ मी टाकलं. अर्धं बाहेर सांडलं. पूनमसिंगने घोट घेतला आणि गाल फुगवून उभे राहिले.

 ते दगडाकडे चालू लागले. अमरसिंगने लाठी मोडक्या हातातून चांगल्या हातात घेतली. दगडाजवळ जाऊन नायक थांबले. पाणी तोंडात, मिशा ओल्या, डोळे दगडावर. मग त्यांनी मान वळवून त्यांच्या बायकांकडे बघितलं. हरिसिंग आजीच्या घागऱ्याला धरून उभा होता, अजून वाळलेला. त्याने दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबून धरलं होतं.

नायक तसेच उभे. मीठ झोंबून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थुंकवेना, गिळवेना. मग ते दगडावरून वळले. आमच्या सगळ्यांच्या मधून, ताठ मानेने, थेट खोलीमागे गेले. नालीकडे तोंड करून उभे राहिले, लेकरं उभी राहतात तसे. खळखळवलं. थुंकले.

आणि गुरुजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दुसरी."

 पूनमसिंगने मागे वळून गुरुजींकडे बघितलं. गुरुजींचा चेहरा उतरला होता. नायकांनी लोटा तोंडाला लावला आणि दुसरी चूळ भरली. मग, "तीन सांगतले होते नं डाक्टरनं?" म्हणून तिसरी.

पहिलं कोण हसलं ठाऊक नाही. बहुतेक त्यांच्याच बायका. पूनमसिंगने मिशा पुसल्या आणि लोटा उत्तमसिंगांच्या पुढे धरला. "घे. तुह्या तोंडाले जास्त गरज हाय."

उत्तमसिंग लालबुंद झाले. मग उठले, नालीकडे गेले आणि त्यांनीही भरल्या. देवीलाल मोठ्याने मोजत होता, तेव्हा लाठीवाली पोरंसुद्धा हसत सुटली. अमरसिंग हसला नाही. पण खाली बसला.

२७ फेब्रुवारी

मला अजून नीट कळलेलं नाही. बोल राहिला की गेला, हे काल कोणीच बोललं नाही. नसाब उठली ती निकाल न देताच. सकाळी देवीलालला गाठून विचारलं. तो म्हणाला, "कारभारी, डोळे होते नं तुमच्याजवळ?" हा काही निकाल झाला? मग म्हणाला, नायकांचा निरोप आहे, चुळेला मातीचं मडकं वापरा, लोटा घरी न्या. तेवढा मी घेऊन आलो.

पलीकडची लेकरं शाळेत आली. गुरुजींनी त्यांच्याकडून तीन चुळा करवून घेतल्या आणि कोणी गिळत नाही ना म्हणून एकेकाचं तोंड उघडून बघितलं. दुपारी डोहावर दोन्हीकडची गुरं होती. अमरसिंग पाजायला गेला तो काठी घेऊन, लाठी घरीच होती. तरी तो परत येईपर्यंत मी दारातच बसलो होतो.

संध्याकाळी एक शंका आली. काल दगडापाशी उभे असताना नायकांच्या मिशा ओल्या होत्या. एखादा थेंब गळला असला तर? कोणाला न सांगता शिवेवर गेलो. दगडावर वाकून बघितलं. मग डोळ्यांचा भरवसा वाटेना म्हणून सगळीकडून हात फिरवला आणि बोट चाटून पाहिलं. नुसती माती लागली.